आप्पांची केंदूरची बहीण

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. पलंगाशी मामी होती आणि मी. आप्पा म्हणजे माझे मामा. मांडवगण फराट्याचे, पायदळातले निवृत्त कॅप्टन, एकाहत्तरच्या युद्धात शौर्यपदक मिळवलेले. आदल्या संध्याकाळी ते मला एवढंच म्हणाले होते, "भाऊबीजेला गाडी मोकळी ठेव. केंदूरला जायचंय." दिवाळीला महिना आहे, तोवर हिंडू-फिरू लागतील, असा मी हिशेब केला होता...

युद्धाबद्दल आप्पा क्वचितच बोलत, आणि बोलले की पहाटेचं स्वप्न सांगावं तसं. भात कापून झालेली शेतं, तळ्यांवर पांढरं धुकं, धुक्यापलीकडे शत्रूनं धरलेला बांध. गुडघाभर पाण्यातून चाललेली माणसं, आवाज कुणाचाच नाही. मग गोळीबार सुरू झाला आणि आप्पांच्या मांडीत गोळी शिरली. जखमी असूनही त्यांनी तुकडीचं नेतृत्व सोडलं नाही, असं मानपत्रात आहे. आप्पा वेगळं सांगत. "मी चिखलात बसलो होतो रे. उठायचं मनातच नव्हतं. सखाराम म्हणाला, सायेब, पोरं तुमच्याकडं बघत्यात. त्यानं काखेत हात घालून उभं केलं मला." सखाराम केंदूरचा, धनगराघरचा, पाठीवर वायरलेस वाहणारा. बांध हाती आला तेव्हा तो मागे धुक्यातच राहिला होता...

पुढच्या दिवाळीत आप्पा लंगडत त्याच्या घरी गेले. नेमकी भाऊबीज होती. अंगणात सखारामची धाकटी बहीण हिरा चंद्राला ओवाळत होती. भाऊ नसलेल्या बहिणी ओवाळतात तसं. आप्पांनी विचारलं, "मला ओवाळशील का?" तेव्हापासून दर भाऊबीजेला ते केंदूरला जात, रजा नसली तर मनिऑर्डर जाई. अलीकडे यवतहून गाडी घेऊन मीच त्यांना नेत असे. हिराबाई आता सत्तरीच्या, पण तोंड तिखट.

"सायेब, पदक लावून या म्हनलं तर लावत न्हाई. गंजलं का काय?"

"तुझ्या पाटल्यांपेक्षा बरं हाय."

"पाटल्या घ्यायला भावानं हात सैल सोडाया पायजे!"

आप्पा असे खळखळून दुसरीकडे कुठे हसलेले मी पाहिले नाहीत.

यंदा आमच्या घरी सण नव्हता. जावं की नाही, मला ठरवता येईना. मामी म्हणाली, "फराळाचं नेऊ नगंस. पण जा. ती वाट बघंल." तिनं पाचशेची नोट माझ्या खिशात घातली. आप्पा तेवढीच ओवाळणी घालत.

मी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. हिराबाईंना निधनाचं फोनवर कळलं होतं. गुडघ्यांमुळे दहाव्याला येता आलं नव्हतं. अंगणात पाट मांडलेला, भोवती रांगोळीची एक साधी रेघ. मी म्हणालो, "मावशी, मी बसू का आप्पांच्या जागी?"

"तू माझा भाचा. भाच्याला भाऊबीजेला कोन ओवाळतं का? येडा." त्यांनी डोळे पुसले. "सायेब पेन्शनीवर आलं तवापासून चंद्राकडं बघितलं न्हाई बघ या दिवशी. गरजच पडली न्हाई."

पश्चिमेला ज्वारीच्या शेतावर बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. हिराबाईंनी तिकडे ताट उचललं. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं आडवी होई, पुन्हा उभी राही. एकदा सखारामसाठी, एकदा आप्पांसाठी, असं दोनदा ओवाळलं. मग त्या वळल्या आणि ताट रिकाम्या पाटासमोर धरून उभ्या राहिल्या. कोर मावळायला आली...

मी पाटाच्या बाजूनं वाकून नोट ताटात ठेवली.

"कुनाची?"

"आप्पांची."

त्यांनी नोट कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली. पाचशे रुपये, हिराबाईंना पोचले. पाट त्यांनी तसाच राहू दिला. म्हणाल्या, "नीघ आता. उशीर झाल्याला सायबाला खपत न्हाई."