वाकळेचा उघडा कोपरा

करणी, भुतंखेतं, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर अजूनही धड बसलेला नाही. पस्तीस वर्षं हायस्कूलात गणित शिकवलं. या सदरातले अनुभव वाचताना मी समासात पेन्सिलीनं चुका काढायचो. आता माझाच अनुभव लिहितोय, तर तुम्हीही खुशाल काढा. मला सापडलेल्या नाहीत.

आमचं घर मंगळवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. जिना चढून आलं की हॉल, मागं स्वयंपाकघर, शेजारी झोपायची खोली. म्हणायला हॉल... प्रत्यक्षात तो माझ्या बायकोचा, शांताचा, कारखाना. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं. मधोमध फरशीवर अंथरलेली वाकळ — तुमच्याकडं गोधडी म्हणत असतील. आणि माझ्या खुर्चीत लोकर. एक काम संपवून दुसरं हातात घेईल तर शपथ! ब्लाउजांना हुक लावायचे राहिले की ही वाकळेवर बसणार, वाकळेचा दोरा संपला की स्वेटर उचलणार. माझ्या स्वेटरला तीन हिवाळे झाले तरी डावा हात आला नव्हता. पेपर घेऊन बसावं तर बुडाखाली सुई. एकदा आमटीत टाचणी निघाली.

"अगं, एक तरी काम पुरं कर!"

"करतो की. तुम्ही जरा पाय उचला, दोरा अडकलाय."

तिचं माहेर नेसरीकडचं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या इंदू वहिनीही तिकडच्याच. शांताला त्या अक्का म्हणायच्या. रोज दुपारी दोघी वाकळेच्या दोन बाजूंना बसून टाके घालायच्या आणि अख्ख्या पेठेचा समाचार घ्यायच्या. सहा वर्षांपूर्वी आमच्या मुलीला, मेघाला, दिवस गेले तेव्हा बाळासाठी दोघींनी एक खास वाकळ शिवायला घेतली. इंदू वहिनींनी त्या वाकळेसाठी आपल्या वारलेल्या आईचं हिरवं लुगडं फाडून दिलं. आईची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडं उरली होती.

ती वाकळ मी बोहारणीला दिली.

हे एवढं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

त्या दिवशी मेघाच्या सासरची माणसं येणार होती आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शांता मंडईत गेलेली. मी खुर्चीत बसलो आणि विणायची सुई मांडीत घुसली. नेमकी तेव्हाच खाली बोहारणीची हाक आली — जुन्या कपड्यांवर भांडी... मी रागारागानं हाताला येईल ते बोचक्यात कोंबलं. वाकळही. चुकून गेली, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. चुकून नव्हती. हिरवा काठ मला स्वच्छ दिसत होता. बदल्यात झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळाला.

शांता आली. इकडं तिकडं शोधून म्हणाली, "वाकळ कुठाय ओ?"

मी म्हणालो, "इंदू वहिनी येऊन गेल्या."

एवढंच. खोटं नव्हतं ते. वहिनी सकाळी कात्री परत द्यायला खरंच आल्या होत्या. पण त्या चार शब्दांनी काय ते झालं. आईच्या लुगड्यापायी इंदूचं मन फिरलं आणि वाकळ उचलून नेली, असं शांतानं धरलं. भर गल्लीत दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मी वर खिडकीत उभा होतो. खाली उतरलो नाही. दोघी पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि तो डबा? शाळेच्या निरोप समारंभात मिळाला होता, माळ्यावर पडून होता, म्हणून मी दडपून सांगितलं. शांतानं त्यात बटणं ठेवायला सुरुवात केली.

मागच्या वर्षी शांता गेली. इंदू वहिनी आल्या, पण उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

आता अनुभव.

शांतानं त्या भांडणानंतर एकटीनं दुसरी वाकळ शिवायला घेतली होती. अर्थात तीही पुरी झाली नाही. एक कोपरा वीतभर उघडा राहिला. मेघा म्हणाली, "बाबा, तेवढी पुरी करून घ्या, मला पाहिजे." मी गल्लीच्या नाक्यावरच्या टेलरकडून शिवून आणली आणि ट्रंकेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठलो — चार वाजले होते — तर कोपरा उघडा! उंदरानं कुरतडलेला नाही, दोरा तुटलेला नाही. सगळा दोरा काढून एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर इंग्रजी आठसारखा गुंडाळलेला. शांता तसाच गुंडाळायची, दोरा वाया घालवायची नाही. आणि तो तुकडा त्या स्टीलच्या डब्यात, बटणांवर ठेवलेला.

टेलरनं वाकळ उलटसुलट करून बघितली. "सर, माझी शिलाई अशी उसवत न्हाय. कुणीतरी सुईच्या टोकानं एकेक टाका उचललाय."

मग मला आठवलं, शांताच्या माहेरी वाकळेचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालतात. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. बरं, घातला तुकडा! माझा विश्वास नाही, पण घातला. दुसऱ्या दिवशी चार वाजता कोपरा उघडा, दोरा डब्यात आणि भाकरीचा तुकडा डब्याच्या झाकणावर.

मेघा फोनवर हळूच म्हणाली, "बाबा... तुम्हीच तर उसवत नाही ना?"

मला सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं लागतात.  मी कुठून एकेक टाका उचलणार? तिसऱ्यांदा शिवून आणलेली वाकळ ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या आत दोरीला बांधून झोपलो. उठलो तर किल्ली छातीवर, कुलूप जागच्या जागी. आत कोपरा उघडा. दोरा डब्यात.

मी रिकाम्या घरात ओरडलो, "अगं, गेलीस तरी एक काम पुरं होऊ देत नाहीस!"

आणि हातातल्या डब्याकडं बघत राहिलो. मशीनला खण आहे, लोकरीची पिशवी आहे, दोऱ्यांची टोपली आहे. तिन्ही वेळा हाच डबा का?

संध्याकाळी इंदू वहिनींच्या दारात गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, ती वाकळ मी दिली. बोहारणीला."

सूप हातात तसंच राहिलं. "माझ्या आईच्या लुगड्याची?"

"हो."

"अक्काला म्हाईत हुतं?"

"नाही."

"म्हंजे मला चोर समजूनच गेली ती." सूप खाली ठेवत म्हणाल्या, "काय मिळालं ओ भावजी, तिच्या बदल्यात?"

"डबा."

"केवढा?"

मी हातानं दाखवला. त्या हसल्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. सहा वर्षांनी उंबरा ओलांडला. माझ्याकडं न बघता कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घातला, टाके घातले आणि निघून गेल्या. मी म्हटलं, सुटलो. दुपारी चार वाजता... कोपरा उघडा!

मी वैतागून पुन्हा त्यांच्या दारात. "आता आणखी काय पाहिजे हिला? सगळं सांगितलं की मी!"

"मला एकटीला सांगितलासा. चोर मला गल्लीनं म्हटलंतं." वहिनी शांतपणे म्हणाल्या. "त्याच बायका घरात बोलवा, त्यांच्याम्होरं सांगा. आन टाका तुम्ही घालायचा. मी न्हाय."

बोलावल्या. सात बायका, चहा मीच केला. सगळं सांगितलं.  मग एकजण म्हणाली, "सर, माझ्या पोरानं खोटं सांगितलं म्हणून छडी मारलीसा की ओ तुम्ही. हातावर वळ उठलंतं."

उठून भाकरीचा तुकडा आणून कोपऱ्यात घातला. मी सुई घेतली. वहिनी समोर बसून बघत होत्या. "लांब पडला, उसवा." पुन्हा घातला. "वाकडा गेला, उसवा." वीतभर कोपऱ्याला मला दीड तास लागला, तीनदा सुई बोटात गेली. शेवटी तो डबा मी वहिनींपुढं केला. त्यांनी हातही लावला नाही. "माझ्या घरात नगं. तुमच्या डोळ्याम्होरं र्‍हाऊ दे."

तेव्हापासून तो कोपरा उसवलेला नाही.

मेघानं वाकळ नेली नाही. तुमचे टाके आहेत, तुम्हीच वापरा, म्हणाली. दुपारी मी तीच पांघरून पडतो. आतला भाकरीचा तुकडा वाळून खड्यासारखा झालाय, टोचतो. म्हणून तो कोपरा पायाकडं टाकून झोपतो. चार वाजता जाग येते तेव्हा तो माझ्या हनुवटीखाली असतो. रोज. झोपेत मी कुशी बदलतो, हे मान्य. पण वाकळ पूर्ण उलटी फिरायची तर ती निदान निम्मी तरी खाली पडायला पाहिजे. पडत नाही. कागदावर आकृती काढून बघितली, जमत नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही.

परवा इंदू वहिनींनाही सांगितलं. त्या आमच्या हॉलमध्ये, शांताच्या मशीनवर बसून तिची राहिलेली ब्लाउजं पुरी करत होत्या. मानही वर केली नाही.

"टोचू दे की," म्हणाल्या.