आज जब्बारभाईंकडे कोण?

मशिदीबाहेरच्या बाकावर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. दारात चपला जमतात तसे ते जमतात. मी मूळचा मिरजेचा. चौथी शिकलो, फौजेत गाडी चालवली, शेवटची पोस्टिंग लखनौची. तेलीबागेत घर बांधलं आणि इथंच राहिलो. दुपारच्या असरच्या नमाजनंतर आम्ही पाचजण बाकावर बसतो. मी, इमामसाहेब, रिटायर मास्टरसाहेब, रंगाचं दुकान असलेले नफीस आणि ई-रिक्षावाला रईस.

सहावे जब्बारभाई, शेरवानी शिवणारे. बायको गेल्या वर्षी वारली. यंदा पडले, खुब्याचं हाड मोडलं. कानपूरचा मुलगा फोनवर सारखा म्हणतो, "ईद के बाद ले जाऊँगा." यांना जायचं नाही. बायकोची कबर इथं आहे. आम्ही सांभाळू शकलो तर राहतील, नाहीतर गेले.

*

एका जुम्म्याला इमामसाहेबांनी खडसावलं. शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो, तो कसला मोमिन? त्या दुपारी जब्बारभाईंकडे पाच डबे गेले. बिर्याणीच तीन घरांची!

शनिवारी एकही नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा देईल.

रविवारी आम्ही सगळे मान खाली घालून गेलो. जब्बारभाई म्हणाले, "शनिवार को मोहल्ले में इस्लाम की छुट्टी थी क्या?"

*

मग मास्टरसाहेबांनी टाइमटेबल केलं. जब्बारभाईंच्याच खाटेशी बसून. रईस कुरकुरला. त्याचं म्हणणं, जनाज्याची नमाज काही लोकांनी पढली की साऱ्या मोहल्ल्याची जबाबदारी फिटते. इथंही तसंच धरा, एकदोघांनी केलं की बस.

इमामसाहेबांनी विचारलं, "और किसी ने न पढ़ी तो?"

"तो सब गुनहगार."

मी म्हणालो, "रईस, माणूस अजून जिवंत आहे. तू मंगळवार घे."

खाटेवरून आवाज आला, "जनाज़े की बात ज़रा धीरे करो भाई, भूख मर जाती है."

*

बुधवार माझा. शेजाऱ्यासाठी रश्शात पाणी वाढवा, अशी शिकवण आहे. घरी सांगितलं. आमची बायको मिरजेची. तिनं पाणी वाढवलं, आणि तिखटही वाढवलं.

मी म्हणालो, "अगं, तिखट कशाला?"

"नुसतं पाणी वाढवून पांचट करू होय? माणसाला द्यायचंय!"

संध्याकाळी रिकामा डबा आणायला गेलो. जब्बारभाईंचे डोळे लाल, नाक लाल. म्हणाले, "भाभी से कहिए, पड़ोसी का हम पर हक़ है. जान पर नहीं."

*

आजाऱ्याला भेटायला जावं, थोडं बसावं, दुवा करून उठावं; सवाब, म्हणजे पुण्य, लागतं. नफीस गेले आणि दोन तास बसले. स्वतःच्या मुतखड्याची सगळी हकीकत सांगितली. एक्सरेसुद्धा सोबत नेला होता!

बाकावर येऊन म्हणाले, "बड़ा सवाब मिला."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा जब्बारभाई म्हणाले, "सवाब वो ले गए, सिरदर्द यहीं छोड़ गए."

*

एका रात्री जब्बारभाई मला म्हणाले, "हवलदार साहब, ड्राइवर तो जंग में बैठा रहता है. लड़ता कौन है?"

मी उठून आलो. पुढचे दोन दिवस त्यांच्या दारावरून मान वळवून गेलो. तीन दिवसांच्या वर अबोला धरणं जायज नाही, हे मलाही ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी असरनंतर गेलो. सलाम केला. आवाज कडकच ठेवला.

त्यांनी जवाब दिला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "इतनी जल्दी क्या थी? अभी चार घंटे बाक़ी थे."

*

ईद झाली. मुलगा टॅक्सी घेऊन आला. बापाची बॅग भरली, दाराशी ठेवली. आम्ही पाचही जण गेलो. मुलगा वाईट नाही. त्यानं सरळ विचारलं, "खाना तो ठीक है, चचा. अंदर से लॉक करके सोते हैं. गिर गए तो दरवाज़ा कौन खोलेगा? यहाँ ज़िम्मेदार कौन है?"

मी खिशात हात घातला आणि त्याच दाराची किल्ली तिपाईवर ठेवली. दोन महिन्यांपूर्वी जब्बारभाईंनी ती मला दिली होती. "सिर्फ़ आपको दे रहा हूँ, अमानत है, किसी से कहिएगा मत," असं म्हणून. मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मान ताठ करून बाकीच्यांकडे बघितलं.

मास्टरसाहेबांनी चष्म्याचं घर उघडलं. त्यातून एक किल्ली काढली.

रईसनं रिक्षाच्या जुडग्यातून एक सोडवली. नफीस पाठ करून उभे राहिले आणि लेंग्याच्या नाड्याला बांधलेली सोडू लागले. इमामसाहेबांनी कुर्त्याच्या आतल्या खिशातून काढली.

तिपाईवर पाच किल्ल्या. सगळ्या एकाच कुलपाच्या.

जब्बारभाईंनी आमच्याकडे बघितलंही नाही. ते मुलाला म्हणाले, "बेटा, सबसे पहली तो तुझे दी थी. वो कहाँ है?"

मुलानं दाराशी ठेवलेली बॅग उचलून परत आत ठेवली. मग बाहेर गेला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला, "भैया, आप जाइए."