अचल जहाज आणि फागीचं नाव

गोकुळ जामसरच्या शाळेत गुरुजी होता. एरवी अगदी गरीब गाय. पोराला मारायचं ठरलं तर छडी शोधण्यात इतका वेळ घालवायचा की पोर घरी जाऊन भाकरी खाऊन परत यायचं. पण अंतराळातल्या एका जहाजाचा विषय निघाला की हाच माणूस जव्हारच्या एसटी स्टँडवर उभा राहून तावातावानं भांडायचा, आणि तेही सख्ख्या मेव्हण्याशी.

मेव्हणा उमेश जव्हारला सरकारी कचेरीत कारकून. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि त्याच्याकडे टीव्ही होता. रविवारी सकाळी हिंदीत 'तारासफर' नावाची विलायती मालिका लागायची. जामसरच्या विजेचा भरवसा नसे, म्हणून गोकुळ सायकल हाणत, तेव्हा नुसताच दोस्त असलेल्या उमेशकडे यायचा. चहा उमेशची बहीण हर्षाली द्यायची. ती नेमकी टीव्हीच्या आड येते म्हणून गोकुळला तिचा राग यायचा. मग एका रविवारी ती आड आली आणि त्यानं मान वाकडी केलीच नाही. उमेश काय ते समजला. लग्न झालं.

मालिकेतल्या जहाजाचं नाव 'अचल'. गोल पोटाचं, आणि इंजिनं दोन्ही बाजूंना लांब हातांवर टांगलेली. उमेशचं म्हणणं, इंजिनं पोटात हवीत, अशी बाहेर लोंबकळत ठेवली तर पहिल्याच वळणाला गळून पडतील. गोकुळ म्हणायचा, कावडीनं पाणी वाहणाऱ्याला जाऊन विचार, तोल कशात असतो ते. एकदा तो बाजारातून कोवळा दुधी घेऊन आला, त्याला बांबूच्या काड्यांवर दोन काकड्या टोचल्या आणि जहाज मेव्हण्यापुढे ठेवलं. उमेशनं टोपलीतला दोडका उचलून आपलं जहाज पुढे केलं. हर्षालीनं दोन्ही जहाजं विळीवर घेतली आणि एकाच पातेल्यात शिजवली. ती भाजी खाताखाताही वाद चालूच राहिला. स्टँडवरच्या चहावाल्याला तर कितीतरी दिवस वाटत होतं, की हा मोखाड्याच्या एखाद्या जीपच्या पासिंगचा घोळ आहे.

मग एका रविवारी अचल फुटलं. शत्रूच्या तावडीत जाऊ नये म्हणून कप्तानानंच ते फोडलं. गोकुळ घरी आला तो सुतकी तोंड करून. त्याची आई फागी चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसं वाचली ना रं? मग जेव."

पुढच्या वर्षी मालिकेत नवं जहाज आलं. निमुळतं, इंजिनं पोटात. उमेशनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, तेवढ्यात कप्तानानं जहाजाचं नाव सांगितलं: अचल.

"ढाचा नवा, इंजिन नवं, कप्तान नवा, मग नाव जुनं कसं?" उमेश स्टँडवर चहा पिताना कडाडला. "फार तर अचल-दोन म्हणा!"

"नाव काय पत्र्याचं असतं?" गोकुळ म्हणाला. "त्या नावानं जे केलं त्याचं असतं. गेलेल्याचं नाव कुणीतरी पुढं न्यायलाच पाहिजे."

"असं का! म्हणजे उद्या तू गेलास, तर माझ्या बहिणीच्या दुसऱ्या नवऱ्याला आम्ही गोकुळ म्हणायचं?"

स्टँडवरचे सगळे हसले. गोकुळनं चहा तसाच ठेवला, सायकल काढली आणि त्या दिवसापासून मेव्हण्याशी बोलणं बंद केलं. घरी हर्षाली म्हणाली, "मी दुसरा नवरा करीनच, पण टीव्ही न बघणारा." तेव्हाही तो हसला नाही.

त्याच पावसाळ्यात फागी गेली. तापाचं निमित्त झालं. उमेश आला, अंगणात उभा राहिला आणि न बोलता गेला. गोकुळनं चार दिवसांत शाळा धरली. रडला नाही, आईविषयी कुणाशी बोललाही नाही. लोक म्हणाले, शिकलेला माणूस, मन घट्ट असतं. लोकांना काय कळतं!

वर्षानं हर्षालीला मुलगी झाली. नाव ठेवायला कोंडी आत्या आली. ती गोकुळच्या बापाची, मंगळूची बहीण आणि गावची सुईण. त्यांच्याकडे नाव ठेवायचं म्हणजे घरातलं कोण परत आलं ते आधी बघायचं. काशाच्या वाटीत पाणी घ्यायचं, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन तांदळाचे दोन दाणे सोडायचे. दाणे एकमेकांना जाऊन चिकटले, की ते माणूस आलं. मामाशिवाय हे होत नाही, त्यामुळे उमेशला यावं लागलं. तो गोकुळकडे पाठ करून बसला.

कोंडीनं आधी हर्षालीच्या आजेसासूचं नाव घेतलं, "सकू." दाणे वाटीच्या दोन कडांना गेले. मग ती म्हणाली, "फागी." दाणे जरा घुटमळले आणि एकमेकांना भिडले.

"आली गं माझी वहिनी!" कोंडीनं डोळ्यांना पदर लावला.

"नाव योगिता ठेवायचं," गोकुळ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"फागी नाव शाळेत कसं चालेल? पोरी हसतील." हे मात्र तो अनुभवानं बोलत होता. शाळेत त्यानं स्वतःच कितीएक मंगळूंचे मंगेश करून टाकले होते.

वर्षभर गप्प असलेला उमेश गर्रकन वळला. "वा गुरुजी! गेलेल्याचं नाव पुढं न्यायला पाहिजे, असं कोण म्हणत होतं? अचल फुटलं तर नव्याला तेच नाव, आणि इथं योगिता?"

"तिथली गोष्ट वेगळी. इथं जीव नवा, देह नवा..."

"हे तर माझं म्हणणं!"

"मग मान ना!"

"आता कशाला मानू? नाव तेच राहिलं पाहिजे! अचल गेला, अचल परत आला!"

दोघंही उठून उभे राहिले. आपण बाजू बदलल्या आहेत हे दोघांनाही कळलं नाही. कोंडीला मात्र एवढं कळलं, की अचल नावाचं कुणीतरी फुटून मेलंय.

"कोन रं हा अचल?" तिनं दटावून विचारलं. "तुमच्याकडचा का, उमेश? असा तरनाताठा गेला आन मला कुनी सांगितला नाय? त्याचंबी दानं सोडाया पायजेल."

कुणी काही सांगायच्या आत तिनं वाटीत दोन दाणे टाकले. "अचल!"

आणि काय सांगावं, ते दोघंही वाटीवर वाकले. एक शिक्षक, एक कारकून, श्वास रोखून दाण्यांकडे बघत होते. दाणे लांब गेले.

"नाय आला," कोंडी म्हणाली. "फागीच हाय."

"पोटात इंजिन असून नाही आला?" हर्षालीनं भावाला विचारलं आणि पोट धरून हसायला लागली. उमेश हसला, कोंडी कशाला हसायचं ते न कळता हसली. गोकुळही हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडूच फुटलं.

"शाळेचं काही नाही," तो म्हणाला. "मला जमायचं नाही, आत्या. आईला नावानं हाक कशी मारू? रोज? फागी इकडं ये, फागी गप बस... जन्मात तिचं नाव तोंडातून काढलं नाही मी."

उमेशनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जहाजाबद्दल तो काही बोलला नाही.

"खुळा हायेस," कोंडी म्हणाली. "नाव लोकांनी घ्यायचा. तू तिला हाक मारायचास तशीच मार."

तिनं पोर उचलून त्याच्या हातात दिली. गोकुळनं तिच्या तोंडावरचं दुपटं जरा बाजूला केलं. मग अगदी हळू म्हणाला, "आये."

दारात बसलेल्या त्याच्या बापानं, मंगळूनं, ते ऐकलं. त्या घरात वर्षभर ही हाक कुणी मारली नव्हती. म्हातारा उठला, जवळ आला आणि नातीच्या तोंडाशी वाकला.

"पोरगा हाक मारतोय तुला," तो म्हणाला. "ओ दे की गं."