लंगड्याची जागा

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमची स्कूटर आम्ही अमावास्येला घेतली आणि लिंबू-मिरची न बांधता चालवली, एवढं सांगितलं की पुरे. असे अनुभव मी वाचायचे ते फक्त जेवताना नवऱ्याला वाचून दाखवून हसायला. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही... पण झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आमचं घर जळगावला, पिंप्राळ्यात. मागच्या बाजूला जेमतेम दोन खाटा मावतील एवढी बाग. त्यात एक जामाचं झाड (पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात), कढीपत्ता, आणि झाडापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत ताणलेली एक तार. ही तार कपड्यांची नाही. त्यावर कपडे वाळत घातले की माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, तोंड दिवसभर फुगलेलं असायचं. ती पोपटांची तार.

आबा मूळचे असोद्याचे. शेत तिकडेच, आता चुलतदीर बघतात. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. दादर काढली की खळ्यावर नेण्याआधी चांगली टपोरी कणसं बाजूला काढायची, तो पाखरांचा वाटा. किडकी, बारकी चालत नाहीत. आबा जळगावला राहायला आले तरी हा वाटा पोत्यात भरून त्यांच्या मागोमाग येत राहिला. मग केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीची, सोपटाची, दोरी करून एकेक कणीस तारेला उलटं टांगायचं. सकाळी पोपटांची टोळी यायची आणि असा कलकलाट करायची की मिक्सर लावलाय की नाही तेसुद्धा कळू नये.

त्या टोळीत एक लंगड्या होता. डावा पाय आत वळलेला. पोपट एका पायावर उभा राहतो आणि दुसऱ्या पायात दाणा धरून खातो, तुम्ही पाहिलंच असेल. याला ते जमायचं नाही. बाकीचे त्याच्या चोचीखालून कणीस ओढून न्यायचे. म्हणून तो तारेच्या खिडकीकडच्या टोकाला येऊन बसायचा आणि आबा खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्यासाठी कणीस धरायचे. तो खाईल तसं हळूहळू फिरवायचे. चहा गार व्हायचा. मी म्हणायचे, "आबा, हात भरून येईल." त्यावर ठरलेलं उत्तर — "त्याले पाय नाही, मले हात आहे. भागलं मंग!"

गेल्याच्या गेल्या वर्षी आबा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर लंगड्या मला कधी दिसला नाही. टोळी मात्र येत राहिली, कारण माझ्या सासूबाई, अक्का, दर दोन दिवसांनी नेमाने कणसं बांधायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला, पण गाठ मारायला त्यांना डोळे लागत नव्हते.

त्यांना पोपट नीट दिसत नाहीत म्हणून मी कॅमेरा घेतला. लांबचं जवळ दिसेल असा, सेकंडहँड. सकाळी फोटो काढायचे आणि संध्याकाळी टीव्हीवर मोठे करून दाखवायचे. अक्का टीव्हीला नाक लावून बसायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं,

"लंगड्याचा नाही काढला?"

"अक्का, लंगड्या नाही येत आता."

"तो काय, खिडकीपाशीच बसेल असते रोज. तुले दिसत नाही तं मी काय करू?"

मी मनात म्हटलं, मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की माणसाला सगळं धुरकट दिसतं, नुसते रंगांचे डाग. हिरवा डाग दिसला की झाला लंगड्या! पण त्या संध्याकाळी फोटो पुढे-मागे करताना माझंच लक्ष गेलं. तारेवर पोपट दाटीवाटीनं बसलेले, एकमेकांना चोची मारणारे, ढकलाढकली चाललेली... आणि खिडकीकडच्या टोकाला एका पोपटाएवढी जागा रिकामी. तिच्या शेजारचा पोपट अंग चोरून बसलेला. पुढच्या फोटोत तेच. कालच्याही फोटोत तेच.

मी फिजिक्सवाली. मला वाटलं, तारेला तिथे काटा असेल, खिडकीची भीती वाटत असेल. तार पुसून काढली. मग सोडून बाथरूमच्या खिडकीकडे बांधली. दोन दिवसांनी पाहते तर बाथरूमकडचं टोक भरलेलं आणि आता तारेच्या मध्यावर, पोपटांच्या ऐन गर्दीत, तेवढीच जागा रिकामी! तार परत जिथल्या तिथे बांधली, तर जागाही परत टोकाला. योगेशला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं असतं तर इतक्या वर्षांच्या माझ्या हसण्याचा त्याने एका दमात वचपा काढला असता.

मग थंडीत अक्का दारातल्या पायरीवर अडखळून पडल्या. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता लांबवू नका, नाहीतर आहे ती नजरही जाईल. माझं माहेर धुळ्याचं, तिथे माझ्या भावाच्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत. सगळं ठरलं आणि अक्का अडून बसल्या. नाही म्हणजे नाही! योगेश चिडला, नणंदेने फोनवरून रडून पाहिलं. शेवटी मी त्यांच्याजवळ ज्वारी निवडायला बसले, तेव्हा हळूच म्हणाल्या,

"ऑपरेशन केलं अन् तो दिसलाच नाही तं? आबा गेले ते गेले. याले बी मीच घालवू का?"

वर्गात शंभर पोरांना गप्प करणारी मी, ज्वारीतले खडे शोधत बसले. या बाईला आंधळं होणं चालणार होतं, पण ती एक जागा रिकामी दिसणं चालणार नव्हतं. मला तेव्हा त्यांची इतकी माया वाटली की काय सांगू.

"दिसला तर नीट दिसेल ना अक्का," मी कसंबसं म्हटलं.

मग त्यांनी अट घातली. "मी धुळ्याले असेपर्यंत रोज त्याले कणीस धरशीन? हातात? आबा धरत तसं?"

"धरीन."

"फिरवा लागते बरं. नाहीतं चिडते तो."

योगेश त्यांना घेऊन धुळ्याला गेला. माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या, मी घरी. सकाळी कॅमेरा कट्ट्यावर ठेवला आणि खिडकीतून कणीस धरून उभी राहिले. शेजारच्या काकू गच्चीवरून बघत होत्या, त्यांना मी उगाच हसून दाखवलं. पहिले दोन-तीन दिवस काहीच नाही. फक्त हात भरून आला आणि आबांची आठवण आली.

मग एका सकाळी — लख्ख ऊन होतं, कुकरची शिट्टी होत होती, भिण्यासारखं काहीएक नव्हतं — कणसाला ओढ बसली. वारा नव्हता. परत ओढ बसली. बारीक, ठाम, गिऱ्हाईक भाजी निवडतं तशी. आणि माझ्या मनगटावर फोलपटं पडायला लागली. दाणा खाऊन टाकलेली, ओलसर. समोर तारेवर ती रिकामी जागा, तिच्या पलीकडे अंग चोरून बसलेला पोपट, आणि मधे कोणी नाही. घाबरले. खोटं कशाला बोलू? पण हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, मी कणीस फिरवतेय. आणि रडतेय.

अक्का परत आल्या त्या काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चष्मा काढला आणि पहिली नजर माझ्यावर.

"अव्वा! तुझे तं केस पांढरे झाले वं! अन् मी समजत होती, माझी सून तरणी आहे."

आम्ही सगळे हसलो. मग त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली. टोळी आली. अक्कांनी एकेक पोपट निरखून पाहिला, गळ्यातल्या गुलाबी पट्टीपासून शेपटीच्या टोकापर्यंत. शेवटी खिडकीकडच्या टोकाला पाहिलं. पाहतच राहिल्या.

"नाही वं तो," त्या म्हणाल्या. "जागा आहे. तो नाही."

त्यांचा चेहरा बघवेना. मीच समजूत घालून ऑपरेशनला पाठवलं होतं ना... मी एक कणीस त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचा हात धरून खिडकीबाहेर केला. त्या नको नको म्हणत होत्या. मग एकदम थांबल्या. कणीस हललं. त्यांच्या हातातल्या बांगडीवर फोलपट पडलं, मग दुसरं.

मी कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिले.

"दिसला का अक्का?" मी विचारलं.

"दिसायचं काय एवढं," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, जे डॉक्टरांना अजिबात चाललं नसतं. "हाताले कळते ना."

तो फोटो माझ्याकडे आहे. अक्कांचा हात, सोन्याची बांगडी, हवेत तरंगणारी दोन फोलपटं. कणीस एका बाजूला वाकलंय, कोणीतरी ओढल्यावर वाकतं तसं. कोणीतरी मात्र नाही. बल लावल्याशिवाय वस्तू वाकत नाही, हे मी दर वर्षी पोरांना शिकवते. हे बल कोणाचं, ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही. योगेशने फोटो पाहिला. हसला नाही.

यंदाची दादर असोद्याहून आली, पाखरांचा वाटा टांगून झाला. हल्ली अक्कांचा खांदा दुखतो, म्हणून सकाळचं काम माझ्याकडे आलंय. परवा कॉलेजला उशीर होत होता, घाईत मी कणीस नुसतंच धरून उभी राहिले. त्याने दांड्याला असा हिसका दिला की कणीस हातातून सुटलं.

आतून अक्का ओरडल्या, "फिरव वं, फिरव!"