नितेशचं आवतण

पाणखार गावात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी कोणीतरी हौसाच्या दारात जाऊन उभं राहतं. भटजी पेणहून येतो, तो कोणताही चालतो. धवलारीण मात्र हौसाच लागते. लग्नाची गाणी, म्हणजे धवले, ती म्हणते, मागे बसलेल्या बायका तिची ओळ न् ओळ झेलतात, आणि तिने म्हटल्याशिवाय इथे कोणाला हळद लागत नाय. डीजेवाले आधी नाकं मुरडतात, आजी अजून किती वेळ म्हणून विचारतात. हौसा पुढचा धवला धरते. बसतात मग बिचारे मोबाइल चोळत, दुसरं करणार काय!

धवल्यात सगळ्यात अवघड काम आवतणाचं. मांडवाच्या दिवशी सकाळी आधी देवांना बोलवायचं, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं नाव घ्यायचं, दर नावाला पाटावर तांदळाची एक मूठ ठेवायची. ज्याचं नाव राहिलं तो दाराबाहेरच उभा राहतो, लग्नात येत नाय, असं मानतात. हौसाला अक्षर वाचता येत नाय, पण गावातल्या प्रत्येक घराची मेलेली माणसं तिला तोंडपाठ. पुंडलिकच्या घरी तिने एकदा त्याच्या चुलत आज्याचं नाव घेतलं, गोदीत मजुरीला जाऊन तिकडेच मेलेला; खुद्द घरच्यांना असा कोणी होता हे माहीत नव्हतं. बाई नाय, सातबारा हाय, असं पुंडलिक अजून सांगतो.

फक्त एक नाव ती घेत नव्हती. तिच्या स्वतःच्या मुलाचं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली अमावास्या, खाडीला उधाण आलेलं आणि सकाळी सकाळी बांध फुटला. या गावाची सगळी भातशेती बांधाच्या भरवशावर. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं दाणा पिकत नाय. म्हणून जुना रिवाज असा, की बांध फुटला की घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. हौसाचा नवरा केरू तापाने फणफणलेला. मुलगा नितेश रोह्याकडच्या कंपनीतून रात्रपाळी करून येऊन नुकता पडलेला. सून वैशाली म्हणाली, झोपू द्या त्यांना, मी जाते. हौसा म्हणाली, पहिल्या फळीला बाप्येच लागतात, लोक उद्या तोंडावर बोलतील. तिने त्याचा पाय धरून हलवला. तो कुरकुरला, पण गेला.

तो उभा होता तेवढाच बांधाचा तुकडा पाण्याने ओढून नेला. दोन दिवस होड्या पार धरमतरपर्यंत फिरल्या, काही हाती लागलं नाय. आणि त्या दिवशी गावातल्या दोन घरांतून कोणीच गेलं नव्हतं. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाय, आजतागायत!

बायकांना वाटलं, आता हौसा हंबरडा फोडेल. तिने चुलीवर आधण ठेवलं. गावकी म्हणाली दिवस घाला. ती म्हणाली, माणूस कुठे सापडलाय? चार वर्षांनी केरू झुरून गेला, तेव्हाही डोळ्याला पाणी नाय. दाताच्या डॉक्टरने सुई मारली की आपलाच गाल आपल्याला कळत नाय, तसं तिचं सगळंच झालं होतं. जेवायची, लावणीला जायची, लोकांची लग्नं लावायची. आवाज खणखणीत. वैशालीचं मंगळसूत्र तेवढं तिने उतरवू दिलं नाय. बिचारी ना धड सवाष्ण, ना धड विधवा. हळदीकुंकवाला काही घरं बोलवायची, काही विसरल्यासारखं करायची.

या वर्षी नितेशच्या लेकीचं, प्रतिक्षाचं लग्न ठरलं. मुलगा जोह्याचा, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा. मांडवाच्या आदल्या दुपारी सासू-सुना तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई," वैशाली म्हणाली, "उद्या त्यांना बोलवा."

हौसाने मूठभर तांदूळ पुढे ओढले.

"पोरीच्या हळदीला बापूस नको? जिवंत नाय आले, पितरांत तरी येऊ द्या. बारा वर्षं बाहेरच उभे हायत."

"मग तुझं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय," वैशाली म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

हौसाला त्यावर काहीच वाटलं नाय. वाटायला हवं होतं, एवढं मात्र तिला समजलं. एक खडा सापडला, तो तिने बाजूला टाकला. नाव घेतलं की तो मेला हे ठरणार, आणि तो मेला हे ठरलं की त्याला कोणी उठवून धाडलं हेही ठरणार. बारा वर्षं ती याच एका गोष्टीच्या अलीकडे बसून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव बायकांनी भरला. देव झाले. मग सासरा रघू, सासू, केरू. तीन मुठी पाटावर पडल्या. चौथी मूठ हौसाच्या हातातच राहिली. मागच्या बायका पुढची ओळ झेलायला थांबल्या. प्रतिक्षा पाटावर मान खाली घालून बसलेली. वैशाली हळदीचं ताट धरून उभी.

"नितेश, केरूचा," हौसा म्हणाली. मग चालीतच, कोणी कधी न ऐकलेली ओळ तिने म्हटली, "मीच धाडला बांधावर, मीच बोलवते मांडवात."

धवलारीण म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचं असतं. बायकांनी म्हटलं. मीच धाडला बांधावर, मीच बोलवते मांडवात. भरल्या मांडवात पंचवीस तोंडांनी म्हटलं.

वैशालीने ताट खाली ठेवलं. कोणी सांगायच्या आत ती सवाष्णींतून निघून मागच्या रांगेकडे चालू लागली. तिची चुलत जाऊ सरू ताट उचलायला वाकली.

"सरू, राहू दे," हौसा म्हणाली. "वैशाली, मागे फिर. मी त्याला बोलावलंय गो, तुला घालवलं नाय. मी तरी कुठे सवाष्ण हाय? गावाची लग्नं लावते ना? हळद तूच लावायची."

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. पण मांडवात धवलारणीचा शब्द शेवटचा, आणि तो मोडायची रीत कोणाला ठाऊक नव्हती. वैशाली परत आली. ताटातली हळद बोटांवर घेऊन तिने लेकीच्या दोन्ही गालांना लावली.

हळदीचा धवला सुरू करायला हौसाने तोंड उघडलं आणि आवाज फुटलाच नाय. तिचे खांदे हलू लागले. मग तो धवला बायकांनीच म्हटला.