बेटावरचा टँकर

दूध मंद आचेवर ठेवले की साय जाड होत जाते. किश्शांचेही तसेच असते. चौसाळ्याच्या आमच्या दूध संस्थेच्या पायऱ्यांवर संध्याकाळी आम्ही चार-पाच निवृत्त माणसे बसतो. अंदमानचा आमचा सहकुटुंब प्रवास पाच दिवसांचा होता, परंतु त्या पायऱ्यांवर तो अद्याप संपलेला नाही. कोणीतरी म्हणते, "आण्णा, ते हेल्मेटचं सांगा," आणि मला पुन्हा आरंभ करावा लागतो. एवढे मात्र नमूद करतो की यातील साय मी वरून घातलेली नाही. ती आपोआप धरलेली आहे.

* * *

प्रवासाला निघालो ते वर्ष दुष्काळाचे होते. गावात टँकर आठ दिवसांआड येत असे. चिरंजीव सुधाकर शिक्षक आहे. त्याला प्रवासाची सवलत मिळत होती आणि ती त्या उन्हाळ्यातच वापरणे भाग होते. गावाला पाणी नसताना आपण समुद्र पाहण्यास जावे, हे माझ्या मनाला पटत नव्हते. मी निघण्यापूर्वी शेजारच्या तुकारामाला तसे बोलून दाखविले.

तुकाराम गंभीरपणे म्हणाला, "जा की आण्णा. येताना एक टँकर भरून आना फकस्त. खारट आसलं तरी भांडे घासायला चालतंय."

घरात त्या वेळी एक वाद चालू होता, तोही येथेच सांगून टाकतो. हमरस्त्याला लागून आमचा जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे. त्यावर येड्या बाभळी माजल्या होत्या. सूनबाई वैशाली यांना तेथे खानावळ काढावयाची होती. त्यांच्या हाताला चव आहे, हे मी कधीही नाकारलेले नाही. माझा आक्षेप पाण्याचा होता. मी तीस वर्षे दूध संस्थेचा सचिव होतो. एका उन्हाळ्यात कॅन धुण्यास पाणी उरले नाही, म्हणून मी संकलन बंद ठेवले. भरलेल्या चरव्या घेऊन आलेल्या बाया दारातून परत गेल्या. त्या पाठमोऱ्या बाया मी विसरलेलो नाही. ज्या गावात पाहुण्याला पाणी मोजून द्यावे लागते, त्या गावात खानावळ काढू नये, असे मी सूनबाईंना सांगितले होते. त्यांनी मान डोलावली आणि विषय सोडला नाही.

* * *

पोर्ट ब्लेअरहून एका लहान बेटावर जहाजाने जावयाचे होते. जहाज लागणे, म्हणजे मळमळणे, हा मनाच्या शिस्तीचा प्रश्न आहे, असे मी वाचले होते. दृष्टी क्षितिजावर स्थिर ठेवावी आणि श्वास मोजावा, म्हणजे काहीही होत नाही. धक्क्यावर उभे राहून मी ते सर्व कुटुंबाला नीट समजावून दिले. जवळच्या दोन-तीन अनोळखी प्रवाशांनीही ते लक्षपूर्वक ऐकले.

जहाज सुटून अर्धा तास झाला असेल नसेल, संपूर्ण जहाजात पहिला मी ओकलो.

आमच्या सौभाग्यवती कौसल्याबाई त्या वेळी दशमी आणि लसणाची चटणी खात बसल्या होत्या. त्यांनी हात पुसला, माझी पाठ चोळली आणि शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकाचं म्होरचं पान वाचायचं राहिलं जनू."

* * *

बेटावर धक्क्यासमोरच एक साधी खानावळ होती. पत्र्याचे छप्पर, चार टेबले आणि मागे चूल. चालविणाऱ्या बाईंना सगळे मालतीदीदी म्हणत. त्यांचे वडील बंगालमधून येऊन तेथे वसले होते. पहिल्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे चहा घेतला.

चहाचा घोट घेतला की दुधाविषयी काही बोलल्यावाचून मला राहवत नाही. ही नोकरीची सवय आहे. मी दोन घोट जिभेवर घोळविले आणि निर्णय दिला की दूध गाईचे आहे, सकाळच्या धारेचे आहे आणि त्यात पाणी तिसऱ्या हिश्श्याहून कमी नाही. सुधाकरने ते हिंदीत दीदींना सांगितले. सांगू नये, एवढी समज त्याला अद्याप आलेली नाही.

दीदींनी ऐकून घेतले. आत जाऊन त्यांनी दुधाच्या भुकटीचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

कौसल्याबाई डब्याकडे पाहत म्हणाल्या, "तीस वर्षं ह्याच जिभंवर सौंस्था चालली!"

* * *

बेटावर फिरण्यास भाड्याची दुचाकी हेच उत्तम साधन. सुधाकरने दोन घेतल्या. दुसरी कोण चालविणार, असे मी विचारेपर्यंत सूनबाई तिच्यावर बसलेल्या होत्या. त्यांना दुचाकी येते हे मला ठाऊक नव्हते. घरात इतर सर्वांना ठाऊक होते.

हेल्मेट घालणे आवश्यक होते. कौसल्याबाईंनी ते निमूटपणे घातले आणि मग त्यावरून पदर घेतला. सुधाकर म्हणाला, आई, आता पदर कशाला, डोके तर झाकलेलेच आहे. त्यांनी पदर आणखी दोन बोटे पुढे ओढला.

"टोपी सरकारची हाय. पदर माझा."

त्या अवस्थेतील त्यांचे छायाचित्र तीन परदेशी पाहुण्यांनी काढले. ते आज जगात कोठे कोठे असेल, सांगता येत नाही.

* * *

मला सूनबाईंच्या मागे बसावे लागले. सासऱ्याने सुनेच्या मागे दुचाकीवर बसताना हात कोठे ठेवावेत, याचा उल्लेख माझ्या वाचनात कोठेही नव्हता. मी मागील लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि नारळाच्या झाडांकडे पाहत राहिलो.

पहिल्या खानावळीपाशी सूनबाईंनी गाडी थांबविली. मला वाटले, माझ्या सोयीसाठी असेल. दुसऱ्या खानावळीपाशी पुन्हा थांबविली. चौथ्या खेपेस मीही खाली उतरलो. त्या मागच्या बाजूस जाऊन पाण्याचे पिंप कोठे आहे, भांडी कोठे घासतात आणि एका वेळी किती माणसे बसतात, हे विचारीत होत्या. आपण सहलीला नव्हे, पाहणीला निघालो आहोत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

"सूनबाई," मी म्हणालो, "समुद्र उजव्या हाताला आहे."

"व्हय मामा," त्या म्हणाल्या. "त्यो काय पळून जात न्हाई."

पुढे काही अंतर गेलो. मग त्यांनी मागे न पाहता सांगितले की या बेटावरही उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खारट होते आणि गोडे पाणी टँकरने येते. तरीही नऊ खानावळी चालू आहेत. त्यांनी मोजल्या होत्या.

मी दांडी आणखी घट्ट धरली. रस्ता खराब होता.

* * *

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मालतीदीदींकडे जेवत होतो. वरण-भात, कारल्याचे काप आणि नारळाची चटणी. एवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. जाडसर, दोनदा तुटणारा भोंगा.

त्यानंतर काय झाले ते आम्हा कोणालाही क्रमाने आठवत नाही. कौसल्याबाई उष्ट्या हाताने उठल्या आणि कोपऱ्यातील दोन्ही बादल्या त्यांनी उचलल्या. सूनबाईंनी भाताचे मोठे पातेले घेतले. सुधाकरने पिंप गडगडवीत बाहेर नेले. पाचव्या मिनिटाला आम्ही चौघेही टँकरच्या तोटीपाशी रांगेत सर्वांच्या पुढे उभे होतो. माझ्या हातात मिठाची रिकामी बरणी होती. ती मी केव्हा आणि कोणत्या विचाराने उचलली, याचा खुलासा मला आजही करता येत नाही.

मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी नम्रपणे विचारले, "आप लोग तो टूरिस्ट हैं ना?"

कौसल्याबाईंनी बादली तोटीखाली सरकविली आणि आमच्या घरच्या भाषेत उत्तर दिले, "आसंल. पर नंबर आमचा हाय."

* * *

टँकर अर्धाच भरून आला होता. दीदींच्या वाट्याला एक पिंप आणि दोन बादल्या आल्या. तेवढ्यात निरोप आला की येणाऱ्या जहाजातून चाळीस माणसे उतरणार असून ती जेवावयास त्यांच्याकडेच येत आहेत. दीदींनी पिंपाकडे पाहिले. मग त्या दाराशी गेल्या आणि फळी लावू लागल्या.

मी ते पाहिले. दार बंद केल्यावर परत जाणाऱ्यांची पाठ कशी दिसते, ते मला आतून ठाऊक होते.

सूनबाईंनी ती फळी धरली. "दीदी, बंद मत करो," एवढेच त्या म्हणाल्या आणि साडीचा पदर खोचून आत गेल्या.

पुढचे दोन तास ती खानावळ चौसाळ्याची झाली. सुधाकरने परसातील केळीची पाने कापून आणली. त्यामुळे ताटे धुण्याचा प्रश्नच उरला नाही. भाजी धुतलेले पाणी बादलीत धरले, त्यात भांड्यांचा पहिला हात झाला. कौसल्याबाईंनी चुलीतील राख चाळून पातेली घासली आणि स्वच्छ पाण्याचा एक तांब्या शेवटच्या हाताला ठेवला. त्याच पातेल्यांत पुन्हा भात चढला. दीदी उभ्या राहून पाहत होत्या. नंतर पाहणे सोडून त्याही बसल्या.

पाणी वाढण्याचे काम सूनबाईंनी माझ्याकडे दिले. "मामा, अर्धा पेला द्यायचा. मागितला की आनिक अर्धा. न्हाई कुनालाच म्हनायचं न्हाई."

मी तसेच केले. चाळीस माणसे जेवली. एका तरुणाने पाव पेला पाणी तसेच ठेवले आणि तो उठू लागला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो पुन्हा बसला आणि पाणी पिऊन उठला.

शेवटचा माणूस गेल्यावर मी पिंपात हात घातला. तळाशी वीतभर पाणी उरले होते.

दीदींनी तळहाताने ते मोजले, हसल्या आणि सूनबाईंना विचारले, "आपका भी होटल है क्या, गाँव में?"

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या राखेचे हात पुसत होत्या. "नहीं, दीदी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी त्या वीतभर पाण्याकडेच पाहत राहिलो.

* * *

परतीच्या जहाजावर मी खिडकीपाशी बसलो होतो. दृष्टी क्षितिजावर ठेवली नव्हती, त्यामुळे प्रकृती उत्तम होती. शेजारी सोलापूरकडील एक वयस्कर गृहस्थ होते. आपला मुलूख निघाल्यावर बोलणे वाढले. त्यांचे कापडाचे दुकान होते, हे त्यांनी सविस्तर सांगितले आणि नंतर विचारले की आपल्याकडे काय असते.

सुधाकर समोरच होता. तो म्हणू लागला, "आण्णा दूध संस्थेचे..."

"चौसाळ्याला," मी म्हणालो, "हमरस्त्यावर आमच्या सूनबाईंची खानावळ आहे."

सुधाकरचे तोंड उघडेच राहिले. कौसल्याबाईंची दशमी हातात थांबली. सूनबाई खिडकीकडे वळल्या आणि प्रथमच समुद्राकडे नीट पाहू लागल्या.

गृहस्थ खुश झाले. म्हणाले, आम्ही त्याच रस्त्याने तर संभाजीनगरला जातो, थांबूच एकदा. काय विशेष मिळते तुमच्याकडे?

मी क्षणभर विचार केला.

"बसल्याबरोबर पाणी."