भाकरीवाली कापायची नाही

"त्या काळ्या बाईला काप," शेठ म्हणाले. कात्री माझ्या हातात होती. दुसरं रीळ नुकतंच संपलं होतं आणि मोशीच्या तंबूत पब्लिक चुळबुळत होतं.

मी फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर. पिंपरीकडे तेव्हा कुठे कारखाने उभे राहत होते. पुढच्या गावांना सिनेमा म्हणजे आमचा तंबू. मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, तोवर लोकांची बोलणी खायची. मध्ये कापडाची कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका.

त्या वेळी हिंदी पिक्चरची पेटी आलीच नाही. आली ती मेक्सिको नावाच्या देशातली. भुताचा पिक्चर, पण हसण्याचा. भाषा शेठना येईना, मला येईना, इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर कुणालाच येईना. आधीचे खेळ पडले होते. हाही पडला तर शेठ तंबू विकणार आणि आम्ही सगळे घरी बसणार. म्हणून शेठ स्वतः माईक घेऊन गोष्ट सांगत होते, तीही मनाची.

सांगत होते ते गोऱ्यापान हिरॉईनबद्दल. बोर्डावरही तिचंच चित्र. पण पहिल्याच रिळात हवेलीतली स्वयंपाकीण आली. काळी, रुंद तोंडाची, दोन जाड वेण्या. खाली बसून दगडावर मका वाटला, गोळा घेतला आणि दोन्ही हातांवर थापायला लागली.

"आगं, भाकर करती की ती," कनातीपलीकडून एका बाईचा आवाज आला.

दुपारी रीळ तपासताना मी हेच पाहिलं होतं, पण लक्ष जॉइंट तुटलाय का याकडे. समुद्रापलीकडची बाई माझ्या आईसारखी भाकरी थापत होती राव. आमच्या तंबूत असली बाई पडद्यावर यायची ती पाण्याचा तांब्या ठेवून जायला.

दुसऱ्या रिळात ती मेली आणि भूत होऊन परत आली. मालकांच्या पंगतीत बसली, त्यांच्या ताटात तिखट ओतलं. मालक ठसकतायत, पण त्यांना ती दिसतच नाही. बाकीच्या नोकरांना मात्र चक्क दिसते. पुरुषांकडून ओरडा सुरू झाला, "अहो शेठ, ह्यान्ला का दिसंना?" रीळ संपलं, दिवे लागले, आणि शेठ माईक घेऊनच माझ्याकडे आले.

"हिच्यामुळेच घोटाळा होतोय. लोक हिरॉईन बघायला आलेत."

"कापली तर गोष्ट कळायची नाही, शेठ."

"आता काय कळतेय? काप."

नोकरी त्यांची. मी तिसरं रीळ पुढे ओढलं, कात्री लावली. तेवढ्यात चऱ्होलीच्या सोनाबाई, सुनांना बैलगाडीत घालून आलेल्या, कनात वर करून उभ्या राहिल्या आणि पुरुषांना म्हणाल्या, "का दिसंना म्हून काय इचारता? जित्ती व्हती तवा तरी कुठं दिसत व्हती त्यान्ला?"

आधी बायका हसल्या, मग पुरुष. असं हसू मी तंबूत परत ऐकलं नाही. एका वाक्यात बाईनं अख्खा पिक्चर उलगडला होता. मी थक्क होऊन बघत राहिलो. कात्री कधी खाली ठेवली कळलंही नाही.

शेठ धंद्याचा माणूस. त्यांनी माईकची वायर कनातीखालून पलीकडे सरकवली. "सोनाबाई, पुढचं तुम्हीच सांगा."

"माझ्यासंगं ह्या समद्या सांगतील," त्या म्हणाल्या. सांगितलं खरंच. हिरॉईन आली की म्हणायच्या, "ही ऱ्हाऊ द्या, आपली कुठं गेली बघा."

दुसऱ्या संध्याकाळी चऱ्होलीहून गाड्यांची रांग लागली. सोनाबाई बोर्डासमोर थांबल्या. "आमची भाकरीवाली कुठाय?"

शेठनी पेंटर बोलावला. त्यानं हिरॉईनवर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि त्यावर काळी, रुंद तोंडाची बाई काढली, हातात भाकरी. तंबू विकायचा विषय शेठनी परत काढला नाही.

कात्री मी पुढेही चालवली. जळकं, तुटकं रीळ कापावंच लागतं. पण कुणी माणूस कापायला सांगितला की मी आधी दिवे लावायचो आणि कनातीपलीकडे विचारून यायचो.